नदीकाठचा डिस्क गोल्फ कोर्स: नॉक नोल्सला पहिल्यांदा जाताना काय बघायचं?

अनघा_नेपरविल

नमस्कार मंडळी, शिकागोच्या आसपास कोणी डिस्क गोल्फ खेळत असेल तर जरा मार्गदर्शन हवंय. मुलगा १२ वर्षांचा आहे, शाळेत पीईच्या तासाला हा खेळ (गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क खांबावरच्या साखळ्यांच्या टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये टाकायची) शिकवला आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नाहीये, मागच्या अंगणात धुण्याच्या बास्केटमध्ये फ्रिस्बी टाकत असतो. आमच्या घरापासून नॉक नोल्स पार्क जवळ आहे, तिथे १८ होल्सचा कोर्स आहे आणि फुकट आहे एवढं कळलंय. पण पार्क अगदी नदीला लागून, ड्यूपेज नदीच्या ईस्ट ब्रांच आणि वेस्ट ब्रांच तिथेच एकत्र येतात. सासरे सध्या कऱ्हाडहून आलेत, संगम म्हटल्यावर तेही निघालेत, खेळणार नाहीत पण आमच्याबरोबर पूर्ण फेरी चालणार म्हणतायत (वय ७१, चालायला एकदम खणखणीत).

प्रश्न असे की सुरुवातीला डिस्क कोणत्या घ्यायच्या, दुकानात गेलो तर भिंतभर डिस्क आणि प्रत्येकीवर चार-चार आकडे लिहिलेले, काही कळेना. नदीत डिस्क गेली तर काय करतात? मुलगा डावखुरा आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि झाडीतून चालायचंय तर सासऱ्यांना आणि मुलाला कशापासून जपायचं? नवरा आणि मी दोघंही नवखे आहोत, त्यामुळे अगदी बेसिकपासून सांगितलंत तरी चालेल.

केदार_ऑरोरा

अनघाताई, नॉक नोल्स आमचा नेहमीचा कोर्स, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डिस्कचं नंतर, आधी पाण्याचं. घरून निघायच्या आधी नदी किती चढलीये ते बघत जा. यूएसजीएसच्या (नद्यांचं पाणी मोजणारी सरकारी संस्था) साइटवर वेस्ट ब्रांचची नेपरविलजवळची आणि ईस्ट ब्रांचची बोलिंगब्रुकची अशी दोन्ही मापं फुकट दिसतात. नुसता आकडा बघून आपल्याला काही अंदाज येत नाही, खालचा आलेख बघायचा, रेघ वर चढत असली तर त्या दिवशी बेत रद्द. दोन फाटे एकत्र येतात ना, म्हणून वरच्या अंगाला कुठेही जोरदार पाऊस झाला की नेपरविलमध्ये लख्ख ऊन असलं तरी संगमापाशी पाणी वाढतं. स्प्रिंगमध्ये तर हे नेहमीचंच. एप्रिल २०१३ मध्ये हीच नदी डाउनटाउन नेपरविलमध्ये शिरली होती. आणि पाणी ओसरलं म्हणजे लगेच खेळता येतं असंही नाही, मागे गाळ राहतो, टीवर (जिथून पहिला थ्रो मारतात ती जागा) पाय सरकतो, आणि थ्रोच्या वेळी पुढचा पाय सरकला की गुडघा गेलाच म्हणून समजा. पूर उतरल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत असं माझं मत.

आता डिस्क. भिंतीवरच्या निम्म्याहून जास्त डिस्क तुमच्यासाठी नाहीतच. ते चार आकडे म्हणजे स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. स्पीड म्हणजे ती डिस्क नीट उडायला किती जोरात फेकावी लागते. ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगत राहते. टर्न म्हणजे वेगात असताना किती वळते, आणि फेड म्हणजे वेग कमी झाल्यावर शेवटी उलट्या बाजूला किती ओढली जाते. नवशिक्याने स्पीड १२ ची डिस्क घेतली की ती उडतच नाही, हातातून सुटते आणि तडक बाजूला जाऊन पडते, मग लोकांना वाटतं आपल्याला खेळ जमत नाही. तुम्ही एक पुटर (जवळून बास्केटमध्ये टाकायला), एक मिडरेंज (मधल्या अंतराला) आणि फार तर एक हलका फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकायला) घ्या. इनोव्हाचा एव्हिआर पुटर, डिस्क्राफ्टची बझ मिडरेंज, इनोव्हाचा लेपर्ड, यातलं काहीही चालेल, नाहीतर तिघांचा स्टार्टर सेट घ्या, साधारण पंचवीस-तीस डॉलरमध्ये येतो. मुलासाठी १५० ग्रॅमच्या आसपासचं वजन बघा, मोठ्यांच्या १७० च्या वरच्या डिस्क त्याच्या हाताला जड पडतील.

डावखुरा असण्याने फरक पडतो, आणि नदीकाठी तर फारच पडतो. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून बाहेर झटकून, साधी फ्रिस्बी फेकतो तसा) मारला की डिस्क शेवटी डावीकडे ओढली जाते, डाव्या हाताने मारला की उजवीकडे. म्हणजे ज्या होलला नदी डाव्या हाताला आहे तिथे तुमच्या मिस्टरांची डिस्क शेवटी पाण्याकडे जाणार आणि मुलाची पाण्यापासून लांब. नदी उजवीकडे आली की बरोबर उलटं. त्यामुळे एकाच टीवर दोघांना वेगळा विचार करायला लागतो, बापाला जे सांगाल ते मुलाला सांगू नका. जिकडे डिस्क ओढली जाते तिकडेच पाणी असेल तर निशाणा बास्केटवर धरायचाच नाही, विरुद्ध बाजूचं एखादं झाड धरायचं आणि डिस्कला परत यायला जागा ठेवायची. फोरहँड (हात अंगाच्या बाजूने, तळहात पुढे ठेवून) जमायला लागला की तो वापरायचा, त्याचा फेड बॅकहँडच्या उलट असतो.

वाऱ्याचं एक लक्षात ठेवा. समोरून वारा असला की डिस्क जास्त टर्न होते आणि वर उचलली जाते, पाठीमागून असला की लवकर खाली बसते. नदीच्या मोकळ्या पट्ट्यात वारा झाडीतल्यापेक्षा जास्त लागतो, झाडीत अगदी शांत वाटतं आणि काठावर आलं की एकदम जाणवतं. बास्केटच्या पलीकडे लगेच उतार आणि खाली पाणी, अशा ठिकाणी समोरच्या वाऱ्यात लांबून पुट (बास्केटमध्ये घालायचा थ्रो) करायचाच नाही. डिस्क चेनच्या वरून तरंगत पलीकडे जाते, काठावर आदळून कडेवर उभी राहते आणि घरंगळत थेट पाण्यात. अलीकडे टाकून ठेवा आणि पुढच्या थ्रोला आत घाला, एक थ्रो जास्त गेला तरी डिस्क हातात राहते.

नियम साधा आहे. पाणी बहुतेक ठिकाणी ओबी (आउट ऑफ बाउंड्स, हद्दीबाहेर) धरतात, टीजवळच्या बोर्डवर लिहिलेलं असतं. ओबी गेली की एक थ्रो पेनल्टी, आणि काठ ओलांडून जिथून बाहेर गेली त्या जागेपासून एक मीटरपर्यंत आत येऊन पुढचा थ्रो, किंवा मग आधीच्या जागेवरून परत. पावसाचं डबकं म्हणजे ओबी नव्हे, त्यात पडली तर बास्केटच्या उलट दिशेला मागे सरकून कोरड्यात उभं राहून खेळायचं, पेनल्टी नाही.

बाबांना यायला काही हरकत नाही, फक्त त्यांना नेहमी टीच्या मागे उभं करा, पुढे फेअरवेच्या कडेला नको. गोल्फची डिस्क साध्या फ्रिस्बीपेक्षा लहान असते, साधारण २१ सेंटीमीटर, आणि कड निमुळती, लागली तर जखम होते. पोरांना ती झेलाझेलीला अजिबात देऊ नका. आणि तिथे चालणारे, सायकलवाले खूप असतात, रस्ता आधी त्यांचा, ते जाईपर्यंत थांबायचं, थ्रो भलतीकडे गेलाच तर जोरात "फोर" (म्हणजे सावध व्हा) ओरडायचं.

मृण्मयी_डाउनर्सग्रोव्ह

केदार यांनी खेळाचं छान लिहिलंय, मी झाडीचं लिहिते कारण डिस्क शोधायला लोक जिथे घुसतात तिथेच पॉइझन आयव्ही असते, अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल.

अनघा, सासऱ्यांना सांगायचं असेल तर "बिबा उततो तसं" एवढं सांग, त्यांना लगेच कळेल. आणि ही नुसती उपमा नाही गं, पॉइझन आयव्ही, बिबा, काजू आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले, आयव्हीच्या तेलात जे असतं त्याच्या जवळचंच बिब्यात आणि काजूच्या टरफलात असतं. लहानपणी आंब्याच्या चिकाने ज्यांचं तोंड उतायचं त्यांनी इथे जास्त जपावं, माझ्या नवऱ्याला दोन्हीचा त्रास आहे.

ओळखायची कशी तर एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब, बाजूच्या दोन पानांना जवळजवळ देठच नाही. कधी जमिनीवर पसरते, कधी झाडावर वेल होऊन चढते आणि जुन्या वेलीच्या खोडाला तपकिरी केस फुटल्यासारखी मुळं असतात. फॉलमध्ये सुरेख लाल होते, तेव्हा मुलं हात लावायला जातात. हिवाळ्यात पानं नसली तरी वेलीत तेल असतंच.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, ते तेल डिस्कला लागतं आणि तिथेच राहतं. पाय झाकलेले असतात पण डिस्क आयव्हीत पडते, आपण ती उचलतो, टॉवेलने पुसतो, तोच टॉवेल मानेला लावतो, आणि दीड-दोन दिवसांनी मानेवर पुरळ. म्हणून अशा जागी पडलेली डिस्क काठीने बाहेर ओढायची, पाण्याच्या बाटलीत भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घालून न्यायचे आणि तिथल्या तिथे डिस्क आणि हात दोन्ही धुवायचे. जितक्या लवकर धुवाल तितकं बरं. नुसत्या पाण्याने तेल जात नाही.

गोचिडीसाठी लांब पँट आणि मोजे पँटच्या वर, घरी आल्यावर मुलाच्या गुडघ्याच्या मागे, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला बघायचं. चिकटलेली असली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल-तूप-काडी असले घरगुती उपाय करायचे नाहीत. २४ तासांच्या आत निघाली तर लाइमचा (गोचिडीमुळे होणारा आजार) धोका खूपच कमी असतो, म्हणून त्याच दिवशी बघायचं. संध्याकाळी नदीकाठी डास फार, सकाळीच जा.

सुजाता_बोलिंगब्रुक

मी जरा वेगळं सांगते. माझ्या मते १२ वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी नदीच्या कोर्सवर नेऊच नये. आधी एखाद्या सॉकरच्या मोकळ्या मैदानावर जा, एखाद्या खांबाला टार्गेट करा, आठवडाभर तिथे फेकू दे. मुलं डिस्कपायी काय करतील सांगता येत नाही. माझा मुलगा त्याची आवडती डिस्क पाण्याच्या कडेला अडकली म्हणून उतार उतरायला लागला होता, मी हाक मारून थांबवलं. वरून तो काठ गवताचा आणि घट्ट दिसतो पण खालची माती पाण्याने खाल्लेली असते, वजन पडलं की तुकडा सुटतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, आणि मे महिन्यातसुद्धा पाणी गार असतं.

दहा-बारा डॉलरची डिस्क आहे ती. घरातून निघायच्या आधीच ठरवून टाका की पाण्यात गेली ती गेली, कोणीही उतरायचं नाही, बाबाने पण नाही. बाबा उतरला की मुलगा पुढच्या वेळी उतरणारच.

केदार_ऑरोरा

सुजाताताई, पाण्यात कोणी उतरायचं नाही हे शंभर टक्के मान्य, मी आधी लिहायला हवं होतं ते तुम्ही लिहिलंत, आभार. मैदानावर आधी सराव करावा हेही बरोबर. पण नदीचा कोर्स टाळायचा यावर माझं मत वेगळं आहे. मोकळ्या मैदानात मुलं फक्त लांब फेकायला शिकतात, जितकी ताकद तितकी लावायची. पाणी बाजूला आलं की पहिल्यांदा विचार करायला लागतात की इथे कमी फेकू का, दुसरी डिस्क काढू का, आधी वारा बघू का. माझ्या मुलीने पुटर टीवरून मारायला सुरुवात केली ती नदीमुळेच, आणि त्याने तिचा सगळा खेळ सुधारला. मध्यम मार्ग असा की नदीच्या होल्सना टीवरून फक्त पुटर किंवा मिडरेंज, ड्रायव्हर बॅगेत.

तरंगणाऱ्या डिस्क पण मिळतात, इनोव्हाचा हायड्रा पुटर, वाहू आणि ड्रॅगन, पाण्यात टाकल्या तर बुडत नाहीत. पण वाहत्या नदीत तरंगणारी डिस्क म्हणजे ती प्लेनफील्डकडे निघाली, तिथून शॅनाहॉनजवळ डेस प्लेन्स नदी, पुढे इलिनॉय नदी आणि मग मिसिसिपी. तळ्याच्या कोर्सवर त्या कामाच्या, वारा त्यांना काठाला आणून सोडतो. इथे त्यापेक्षा दोरी बांधलेला रिट्रीव्हर घ्या, बरेच जण त्याला गोल्डन रिट्रीव्हर म्हणतात, लोखंडी चौकट असते, पाण्यात टाकायची आणि ओढायची, काठावर सुरक्षित जागी उभं राहून. उथळ जागी डिस्क दिसत असेल तर निघते.

आणि प्रत्येक डिस्कच्या मागे मार्करने फोन नंबर लिहा, मुलाचा नको, तुमचा.

अनघा_नेपरविल

बापरे, किती छान माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. मृण्मयी, बिब्याचं सासऱ्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच गावाकडे बिबा उतलेल्या दोघांच्या गोष्टी सांगितल्या आणि पँट मोज्यात खोचायला आता तेच सगळ्यांना बजावतायत. सुजाताताई, तुमचा नियम मुलाकडून वदवून घेतलाय. शनिवारी सकाळी जायचं ठरतंय, आलेख बघितला, रेघ खाली येतेय.

अजून एक विचारते, हे कोर्स नदीलाच लागून का असतात? नवऱ्याने आसपासचे बघितले तर लिबर्टीविलचा ॲडलर पार्कचाही डेस प्लेन्स नदीजवळच निघाला. सुंदर दिसतं म्हणून?

जयंत_पॅसाडेना

सुंदर दिसतं हे आहेच, पण मुख्य कारण जमिनीचं आहे. नदीच्या पूरक्षेत्रात घरं-दुकानं बांधायला बरेच निर्बंध असतात, अधूनमधून पाणी येणार हे ठरलेलं. मग अशी जमीन पार्क म्हणून राहते. तिथे टेनिस कोर्ट किंवा भारी खेळणी बसवली तर पुरात खराब होतात, पण डिस्क गोल्फला लागतात काय तर १८ खांब, त्यावर चेन आणि टोपली, आणि टी. पाणी येतं, चार दिवस राहतं, जातं, बास्केट तिथेच असते. झाडंही तोडावी लागत नाहीत, उलट झाडं हवीच असतात.

मी जिथे खेळतो तो ओक ग्रोव्हचा कोर्स जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स, १९७५ सालचा. तोसुद्धा अरोयो सेको नावाच्या ओढ्याच्या पात्राशेजारी, डेव्हिल्स गेट धरणाच्या वरच्या अंगाला आहे, आणि शेजारीच नासाची जेपीएल. तो एड हेड्रिकने आखला. हा माणूस व्हॅम-ओ कंपनीत होता, फ्रिस्बी सरळ आणि स्थिर उडावी म्हणून तिच्यात सुधारणा त्यानेच केल्या. सुरुवातीला ओक ग्रोव्हला नुसते खांब होते, डिस्क खांबाला लागली की झालं, पण लागली की नाही यावरून वाद व्हायचे, म्हणून मग त्याने साखळ्या आणि खाली टोपली अशी रचना काढली, साखळी डिस्कचा वेग खाते आणि डिस्क टोपलीत पडते. आजही सगळीकडे तीच आहे. १९७६ मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना पण त्यानेच सुरू केली, सभासद क्रमांक १ त्याचाच. २००२ साली तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात, त्याने डिस्कमध्ये घालायला सांगितल्या. मला हे फार मोठं वाटतं, खेळावर इतकी माया.

तेव्हा तुमचे सासरे आलेच आहेत तर त्यांना सांगा की हा खेळ जन्मापासून पाण्याच्या वाटेवरचाच आहे.

प्रताप_सांगली

धागा सांगलीत बसून वाचतोय, खेळ कधी बघितला नाही पण जयंतरावांचा मुद्दा काळजाला लागला. आपल्याकडेही निळी आणि लाल पूररेषा आहेच की, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही, पण बागा, मैदानं, मोकळ्या जागा चालतात असं नियमात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते २०१९ च्या पुरात आम्ही घरात पाणी घेऊन बघितलं. त्या पट्ट्यात भराव टाकून प्लॉट पाडण्यापेक्षा असले खांब रोवलेले केव्हाही परवडले, पोरंही खेळतील आणि नदीलाही पसरायला जागा राहील. १८ बास्केटना खर्च किती येतो कोणाला कल्पना आहे का? मनापासून विचारतोय, इथल्या एका शाळेशी बोलायचंय.

जयंत_पॅसाडेना

प्रतापराव, आधी १८ चा विचार करू नका, ९ ने सुरू करा, खूप ठिकाणी ९ चेच कोर्स आहेत. आणि बास्केट बाहेरून मागवू नका, तुमच्याकडे फॅब्रिकेशनवाले पायलीला पन्नास आहेत. मापं पीडीजीएच्या साइटवर फुकट मिळतात, कोणताही वेल्डर गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि साखळीत बनवून देईल. किंवा ओक ग्रोव्हसारखी सुरुवात नुसत्या खांबांनी करा, त्याला खर्चच नाही. डिस्कसाठी पुण्या-मुंबईत अल्टिमेट (फ्रिस्बीचा सांघिक खेळ) खेळणारी मुलं आहेत त्यांना गाठा, त्यांची १७५ ग्रॅमची मोठी डिस्क वापरूनसुद्धा सुरुवात होते, शाळेतल्या लहान मुलांना उलट तीच बरी, कड बोथट असते.

प्रताप_सांगली

खांबांची कल्पना आवडली. मापं उतरवून घेतो. आभार.

अनघा_नेपरविल

जाऊन आलो! वृत्तांत देते कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत.

आम्ही अर्धेच होल्स खेळलो, तेवढ्यात ऊन चढलं आणि डास नसले तरी घामाने जीव गेला, पण मुलगा जाम खूश. झाडीतले होल्स त्याला जास्त आवडले, दोन ओक झाडांच्या मधून डिस्क गेली की जो काही आनंद त्याच्या चेहऱ्यावर! नवऱ्याला मोकळ्या गवतातले आवडले. मला चालायलाच आवडलं खरं म्हणजे, एवढ्या वर्षांत या पार्कवरून गाडीने गेलोय पण आत नदी अशी दिसते हे माहीत नव्हतं.

नदी डाव्या हाताला आली तेव्हा केदार म्हणाले तसंच झालं. नवऱ्याला मी आधीच उजवीकडचं झाड दाखवून ठेवलं होतं, त्याने मिडरेंजने त्या झाडावर नेम धरून मारला, डिस्क झाडाच्या बरोबर अलीकडून डावीकडे यायला लागली, येत राहिली, आणि काठाच्या बऱ्यापैकी आत गवतात बसली. मग लेकाने डाव्या हाताने तीच मिडरेंज सरळ बास्केटच्या दिशेने मारली, त्याची डिस्क शेवटी उजवीकडे, पाण्यापासून लांब वळली. दोघांच्या डिस्क जवळजवळ एकाच जागी पडलेल्या आणि रस्ते अगदी विरुद्ध! सासरे टीच्या मागे उभे होते, त्यांनी काठीने जमिनीवर दोन्ही डिस्कचे मार्ग काढून मला समजावून सांगितलं, आणि पुढच्या प्रत्येक टीवर वारा कुठून येतोय ते गवताची चिमूट उडवून तेच बघत होते.

संगमाच्या बाजूला गेलो तेव्हा दोन्ही फाट्यांच्या पाण्याचा रंग थोडा वेगळा दिसत होता, एक जास्त मातकट, मिळाल्यावर काही अंतर ती रेघ दिसत राहते. सासरे तिथे बराच वेळ थांबले, कृष्णा-कोयनेचं पाणी पावसाळ्याच्या सुरुवातीला असंच दिसतं म्हणाले. नंतर नेचर सेंटरमध्ये जाऊन पाणी प्यायलो, २०१४ मध्ये उघडलंय ते, मुलांना न्यायला छान आहे. घरी येऊन गोचिडी बघितल्या, एकाच्याही अंगावर नाही.

आता एक प्रश्न. मुलाला झाडीत एक नारिंगी डिस्क सापडली, पालापाचोळ्यात अर्धी गाडली गेलेली, चांगल्या प्लास्टिकची दिसतेय. मागे नाव पुसट झालंय पण फोन नंबर वाचता येतोय, एरिया कोड आपलाच आहे. मुलाला ती खूप आवडलीये. काय करावं?

केदार_ऑरोरा

आजच मेसेज टाका, "नॉक नोल्सला तुमची डिस्क सापडली" एवढंच, सोबत फोटो. नंबर असला की परत द्यायची हा या खेळातला पक्का रिवाज. बऱ्याच वेळा समोरचा म्हणतो ठेवून घ्या, मग ती हक्काने मुलाची. परत मागितली तर पुढच्या शनिवारी पार्किंगमध्ये भेटून द्या, मुलाच्या हातून द्या. आणि आठवडाभर उत्तर आलं नाही तर ठेवा.

नारिंगी म्हणालात म्हणून सांगतो, फॉलमध्ये ती वापरू नका, लाल-पिवळ्या पानांत अजिबात दिसत नाही. ऑक्टोबरसाठी गुलाबी किंवा भडक निळी घ्या.

मृण्मयी_डाउनर्सग्रोव्ह

आणि पालापाचोळ्यातून काढलीये ना, आधी साबणाने धुवा!!

अनघा_नेपरविल

धुतली, दोनदा. मेसेज टाकलाय. त्यांचं उत्तर पण आलं, शनिवारी नऊला येतायत, आणि विचारतायत की मुलगा डावखुरा आहे तर त्याला फोरहँड दाखवू का, ते स्वतः डावखुरे आहेत.